घरातली आतली दारं: काय घ्यावं, कसं मोजावं, पैसे कुठे घालावेत

घराचं इंटिरिअर सुरू झालं की किचनच्या ट्रॉल्या, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग यांवर महिनाभर खल होतो. आतल्या दारांचा विषय निघतो तो सुतार येऊन "साहेब, शटर मागवायचेत, सनमायका कुठला?" असं विचारतो तेव्हा. तोवर चौकटी बसलेल्या असतात, लाद्या पडलेल्या असतात आणि हातात उरते फक्त रंगाची निवड. दार रंगामुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडतं आतल्या भरावामुळे, उघड्या राहिलेल्या कडांमुळे आणि हलक्या बिजागऱ्यांमुळे. म्हणून इथे क्रम उलटा धरलाय. आधी जागा, मग चौकट, मग माप, मग भराव, आणि वरचा मुलामा सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला पुण्यातला साधा टू बीएचके घेऊ. दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि किचनमागची ड्राय बाल्कनी, म्हणजे आतली पाच दारं. मुख्य दाराचा हिशोब वेगळा असतो, तिथे कुलूप आणि सुरक्षा आधी येते. ते इथे घेतलेलं नाही.

आधी खडू घेऊन घरभर फिरा

कॅटलॉग उघडण्याआधी प्रत्येक दारापाशी उभं राहून जमिनीवर खडूने दार उघडण्याची कमान काढा. पल्ला जेवढा रुंद तेवढी त्या कमानीची त्रिज्या. या दहा मिनिटांच्या कामात पुढच्या निम्म्या कटकटी दिसून जातात: बेडरूमचं दार उघडलं की वॉर्डरोबचा पल्ला त्याला आपटतोय, लाइटचं बटण दारामागे जातंय, बाथरूमचं दार कमोडला घासतंय.

बेडरूमचं दार खोलीच्या आत आणि जवळच्या भिंतीकडे उघडावं, म्हणजे उघडं असताना ते भिंतीला लागून राहतं. स्विचबोर्ड हँडलच्या बाजूला हवा. बिल्डरने तो बिजागरीच्या बाजूला दिला असेल तर वायरिंगवाल्याला बोलावण्यापेक्षा दाराची बाजू बदलणं कधीकधी स्वस्त पडतं, पण हे चौकटीत बिजागऱ्यांच्या खाचा पाडण्यापूर्वीच.

बाथरूमची दारं आपल्याकडे सवयीने आत उघडणारी करतात, कारण बाहेर पॅसेज अरुंद असतो आणि दारावरचं पाणी बाहेर ठिबकू नये असं वाटतं. घरात म्हातारी माणसं असतील तर यावर थांबून विचार करा. आत कुणी घसरून पडलं आणि अंग दाराला टेकून राहिलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. अशा घरात निदान एका बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा आणि लॉक बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं घ्या. लहान मूल आतून कडी लावून बसतं तेव्हाही हेच लॉक कामाला येतं.

रुंदीचंही आत्ताच बघून घ्या. आपण दाराला 'तीन फुटी' म्हणतो तेव्हा बहुधा चौकटीचं बाहेरचं माप सांगत असतो. चौकटीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली, उघड्या पल्ल्याने खाल्लेली जागा आणि त्यावर हँडल धरलं, की माणसाला मिळणारी वाट बरीच कमी असते. अडीच फुटी बाथरूमच्या दारातून फ्रंटलोड वॉशिंग मशीन कसंबसं जातं, व्हीलचेअर जवळपास जातच नाही. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेच्या नियमांत ९०० मिमी मोकळी वाट धरतात. घरात तेवढं जमेलच असं नाही, पण आईवडिलांच्या खोलीपुरतं जवळ जायचा प्रयत्न करावा.

इथे एक इशारा. नव्या प्रकल्पांत बऱ्याच इमारती मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्यात आतल्या भिंतीही आरसीसीच्या असतात आणि त्या इमारतीचा भार घेतात. तिथे "दार जरा चार इंच वाढवू" हा विषयच नाही. सुतार हो म्हणेल, ब्रेकरवालाही हो म्हणेल. तुम्ही म्हणू नका. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतसुद्धा लिंटेल (दारावरची आडवी तुळई) कुठवर आहे ते पाहिल्याशिवाय आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय हात घालू नये.

चौकट: एकदा बसली की बसली

पल्ला दहा वर्षांनी बदलता येतो. चौकट बदलायची तर भिंत फुटते, लादी फुटते, रंग जातो. म्हणून जुन्या फ्लॅटमध्ये दारं बदलताना पहिला प्रश्न हा की आहे ती चौकट ठेवता येईल का. जुन्या सोसायट्यांमध्ये सागाची चौकट असेल तर शक्यतो ठेवावी. पटाशीचं टोक चौकटीच्या पायथ्याशी, लादीपासून चार बोटांवर दाबून बघा. लाकूड टणक लागलं तर ठीक. टोक भसकन आत गेलं किंवा आतून माती निघाली तर वाळवी किंवा ओल आहे. तेवढा पाय कापून नवीन तुकडा सांधणारे सुतार अजून मिळतात. नुसत्या बाथरूमच्या चौकटीसाठी सगळं घर उकरायची गरज नसते.

नवीन चौकट लाकडाची करायची तर साग, साल किंवा परदेशी कडक लाकडं असे पर्याय असतात. लाकूड बघायला पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज. व्यापारी सागाला अजूनही 'सीपी' म्हणतात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग त्यातलाच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो बल्लारपूरहूनच. पण दुकानात 'साग' म्हणून जे दाखवतात त्यातला बराच घाना, इक्वेडोर, पनामाकडच्या लागवडीचा असतो. तो वाईट असतो असं नाही. बघायचं एवढंच की कडेला फिकट पिवळट पट्टा किती आहे. तो झाडाचा बाहेरचा कच्चा भाग. वाळवी तिथूनच आत शिरते. गाभ्याचं लाकूड गडद असतं आणि हाताला किंचित तेलकट लागतं.

लाकडाचा भाव घनफुटावर असतो आणि हिशोब घरी करता येतो. सात फूट उंच, तीन फूट रुंद दाराला दोन उभे सात-सात फुटांचे आणि वरचा आडवा साडेतीन फुटांचा, मिळून साडेसतरा फूट. छेद ४ × २.५ इंच. १७.५ × ४ × २.५ भागिले १४४ केलं की साधारण १.२ घनफूट येतं. त्यावर कापणीची घट धरा. कोणी एका चौकटीला दोन घनफूट लावत असेल तर विचारायला हरकत नाही.

लाकूड वाळलेलं हवं, हे सगळेच म्हणतात आणि फार थोडे तपासतात. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या. पुण्यासारख्या हवेत १२ टक्क्यांच्या आसपास आकडा यावा, कोकणात थोडा जास्त चालतो. वीसच्या पुढे आकडा असेल तर ती चौकट उन्हाळ्यात आकसणार आणि भिंत व चौकट यांच्यात भेग पडणार, मग वर कितीही चांगलं पॉलिश असो.

चौकट भिंतीत बसवण्यापूर्वी तिच्या पाठीला, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या बाजूला, डांबरी काळा रंग किंवा निदान प्रायमरचे दोन हात हवेत. बसल्यावर ही बाजू पुन्हा कधी दिसत नाही, त्यामुळे ती राहून जाते. उभ्या प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या, हव्यात. काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून आवळायचे बोल्ट.

बसवताना तुम्ही समोर असाल तर तीन गोष्टी बघा. ओळंबा दोन बाजूंनी लावायचा, समोरून आणि कडेने. दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे यायला हवेत. तिसरी तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही: चौकटीच्या समोरच्या बाजूने चारही कोपऱ्यांतून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणून बांधा. मधोमध त्या एकमेकींना हलक्याच टेकल्या पाहिजेत. त्यांच्यात फट राहिली किंवा एक दोरी दुसरीला दाबून वाकवत असेल तर चौकट पिळलेली आहे. पिळलेल्या चौकटीत सरळ पल्ला बसवला की वरचा कोपरा टेकतो आणि खालचा बोटभर बाहेर राहतो. मग सगळे पल्ल्याला नावं ठेवतात.

माप: खाचेपासून खाचेपर्यंत

लादी पडल्यानंतरच माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजायची (वर, मध्ये, खाली), तीही चौकटीच्या आतल्या, पल्ला ज्यात बसतो त्या खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंत, आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. उंची दोन्ही बाजूंनी.

समजा रुंदी ८९०, ८८८ आणि ८९१ मिमी आली. ८८८ धरा. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी फट सोडून तयार पल्ला ८८२ मिमीचा हवा. वरही तीनच मिमी, खाली सहा ते दहा. आता बाजारात फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून सपाट प्लायचं दार, इंचांत मिळतं: ३०, ३२, ३४, ३६ असं. सुतार म्हणतो ३६ आणा, कापून घेऊ. ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी. कडेला सहा मिमीची सागवानी पट्टी धरली तर कापावं लागणार ४४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना २२. फ्लश डोअरच्या आत चारही कडांना अखंड लाकडाची चौकोनी फ्रेम असते, ती काही हातभर रुंद नसते. त्यातले २२ मिमी गेले की लॉक आणि बिजागरीचे स्क्रू ज्या लाकडात बसायचे तेच अर्धं उडालं. त्यापेक्षा ३४ इंची घ्या, म्हणजे ८६४ मिमी, आणि दोन्ही कडांना नऊ-नऊ मिमीची पट्टी लावा. बरोबर ८८२ होतात. पाचही दारांचं असं गणित कागदावर मांडून मग ऑर्डर द्यावी. मोठे कारखाने मागाल त्या मापाचं दार करून देतात, फक्त पंधरा-वीस दिवस आधी सांगावं लागतं.

खाचेची खोलीही मोजा. ३० मिमीच्या पल्ल्याला दोन्हीकडून एक-एक मिमीचा लॅमिनेट (सुताराच्या भाषेत सनमायका) चढला की तो ३२ च्या पुढे जातो. खाच ३० चीच असेल तर बंद दार चौकटीच्या बाहेर डोकावतं.

पल्ल्याच्या आत काय आहे

हॉलीवूड-छाप पॅनेलची नक्षी, सीएनसीचं कोरीवकाम, हे सगळं वरचं आहे. पोटात काय आहे त्यावर दाराचं आयुष्य ठरतं.

स्वस्त मोल्डेड दारांत वर दाबून आकार दिलेली पातळ कातडी आणि आत कागदी मधमाशीचं पोळं असतं. टिचकी मारली की डब्यासारखा आवाज येतो. स्टोअररूमला ठीक. बेडरूमला नको, कारण बाहेरच्या टीव्हीचा आवाज सरळ आत येतो आणि मागाहून कोट अडकवायला हुक लावायचा म्हटलं तर स्क्रूला धरायला काही नसतं.

बेडरूमसाठी माझी शिफारस सरळ आहे: सॉलिड कोअर फ्लश डोअर, ३० किंवा ३२ मिमी, आवाजाचा त्रास असेल तर ३५. आत पाइन किंवा इतर लाकडाच्या पट्ट्यांचा भराव आणि दोन्हीकडे प्लायचे थर. त्यावर आयएसआय खूण आणि आयएस २२०२ हा क्रमांक हवा. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून कंपनी आणि परवाना जुळतात का ते दुकानात उभ्याउभ्या बघता येतं. विक्रेता "सगळ्यांचं सारखंच असतं" म्हणत असेल तर जरूर बघा.

वजनानेही अंदाज येतो. सात बाय तीनचा ३० मिमीचा भरीव पल्ला साधारण तीस-पस्तीस किलोचा असतो. एका माणसाने काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर नेला तर आत काहीतरी कमी आहे. वरच्या कडेकडे नजर टाका. पट्ट्यांमध्ये बोट जाईल अशा फटी नकोत. लॉक बसण्याच्या उंचीवर जास्तीचं लाकूड कुठल्या बाजूला आहे हे कारखाना पल्ल्यावर खुणेने दाखवतो. सुताराने तो उलटा फिरवून दुसऱ्या बाजूला लॉक खोदलं तर त्या जास्तीच्या लाकडाचा उपयोग शून्य.

चिकटाई तपासायची एक घरगुती रीत आहे. गोल लॉकसाठी सुतार होल-कटरने भोक पाडतो तेव्हा आतून दाराची एक चकती निघते. पाचांपैकी पहिल्या दाराची चकती मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात तास-दोन तास उकळा. थर पत्त्यांसारखे सुटले तर बाकीच्या चार दारांना अजून काही चिकटवू नका, दुकानदाराला फोन करा.

दारं आली की ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवली जातात आणि रंगकाम होईपर्यंत तशीच राहतात. त्यात ती वाकतात. जमिनीवर तीन सारख्या पट्ट्या टाकून आडवी, एकावर एक ठेवा.

बाथरूम

इथे पैसे वाचवायची इच्छा सगळ्यांना होते आणि इथेच दोनदा खर्च होतो. शत्रू एकच, दाराच्या खालच्या वीतभर भागाला रोज लागणारं पाणी. त्यामुळे निवडीपूर्वी पाण्याची वाट बघा. शॉवर दारापासून लांब आहे आणि मध्ये काचेचं पार्टिशन आहे, तर फ्लश डोअरही टिकतं. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये बादली-तांब्याने आंघोळ होते आणि दारावर पाणी उडतंच, तर लाकूड विसरा.

चौकटीसाठी ग्रॅनाइट. महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये ही पद्धत रुळलीय ती योग्यच आहे. कुजत नाही, फुगत नाही, वाळवी नाही. खाली त्याच दगडाचा उंबरा येतो आणि बाथरूमची लादी बाहेरच्यापेक्षा निदान अर्धा इंच खाली असली की पाणी बाहेर येत नाही. फक्त बिजागऱ्यांची भोकं दगडात पाडावी लागतात आणि एकदा पाडली की जागा बदलता येत नाही, म्हणून पल्ला कुठला घेणार ते आधी ठरवा. दगड बसवणाऱ्याला पल्ल्याची जाडी सांगितलेली नसेल तर तो त्याच्या सवयीच्या मापाची खाच सोडून मोकळा होतो.

पल्ल्यांत पोकळ पीव्हीसी सगळ्यात स्वस्त. पाण्याने त्याला काही होत नाही, पण काही वर्षांत पिवळं पडतं, लचकतं आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. भाड्याने द्यायच्या घराला चालून जाईल. डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे, भरीव पल्ले सध्या फार खपतात. ते पाणी पीत नाहीत आणि त्यांवर लॅमिनेटही चढतो. पण सगळे सारखे नसतात. हलक्या घनतेचा पल्ला नखाने दाबला जातो आणि त्यात स्क्रू धरत नाही. दुकानात तुकडा मागा, त्यात एक स्क्रू पिळा, काढा, त्याच भोकात पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा घट्ट बसला तर घ्या. बिजागरीचे स्क्रू लांब वापरा आणि तीनाऐवजी चार बिजागऱ्या लावल्या तरी चालेल. एफआरपीचा (फायबरग्लासचा) पल्लाही पाण्यापुढे चांगला टिकतो, दिसायला मात्र थोडा सरकारी वाटतो. ड्राय बाल्कनीला ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी, जाळीच्या वेगळ्या पल्ल्यासह. त्यात फार डोकं लावायला नको.

बाथरूमच्या दाराखाली दहा-बारा मिमी फट ठेवा. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट लागते. फट नसेल तर पंखा नुसता घरघरतो आणि आरशावरची वाफ तशीच राहते.

सरकतं दार कुठे

मुंबईच्या लहान घरांत जागेसाठी सरकतं दार फार मोहात पाडतं. किचन आणि हॉल यांच्यामध्ये किंवा वॉर्डरोबच्या कोपऱ्याला ते छान. बेडरूमला लावताना लक्षात ठेवा की ते भिंतीला घट्ट बसत नाही, आवाज आणि एसीची हवा दोन्ही कडेने निसटतात. शिवाय पल्ला सरकून जिथे जातो त्या भिंतीवर ना स्विच, ना फोटो, ना टेकवलेलं कपाट. घ्यायचंच तर वरून लटकणारी यंत्रणा घ्या, खाली फक्त छोटा गाइड. जमिनीतल्या ट्रॅकमध्ये केर साचतो आणि तो रोज काढायचं काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला निर्णयाच्या वेळी कोणी विचारत नाही.

वरचा मुलामा

लॅमिनेट, व्हिनिअर की रंग? भाड्याचं घर, लहान मुलं, कुत्रा-मांजर यापैकी काही असेल तर लॅमिनेट, एक मिमी, मॅट. व्हिनिअरवर, म्हणजे खऱ्या लाकडाच्या पातळ थरावर, पॉलिश देखणं दिसतं, पण ते सांभाळणारं घर हवं. रंग हा सगळ्यात कमी लेखलेला पर्याय आहे. चांगल्या फ्लश डोअरवर पुट्टी-प्रायमर करून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा साधा इनॅमल रंगही दहा वर्षांनी घासून नवा करता येतो. लॅमिनेटचा कोपरा उडाला की उडाला.

एक नियम मात्र मोडू नका. दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचं आवरण हवं. बाहेरून महागडा एक मिमीचा लॅमिनेट आणि आतून ०.८ चा पांढरा किंवा नुसता रंग, अशी बचत केली की दोन बाजू ओलावा वेगवेगळा घेतात आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. एसीच्या बेडरूमला हा धोका जास्त, कारण आत कोरडी गार हवा आणि बाहेर पावसाळी पॅसेज.

लॅमिनेटचा हिशोबही आधी करा. आठ बाय चारच्या एका शीटमधून सात बाय तीनची एकच बाजू निघते. म्हणजे एका दाराला दोन शीट आणि फूटभर रुंदीच्या पट्ट्या शिल्लक. त्या पट्ट्या ड्रॉवरच्या दर्शनी भागाला किंवा शेल्फांना वापरायच्या असं सुताराशी आधी ठरवलं तर वाया जात नाहीत.

आणि कडा. लॅमिनेट चिकटवून झाल्यावर सागवानी पट्टी लावणं मला बरं वाटतं, कारण लॅमिनेटची धार पट्टीमागे झाकली जाते आणि उडत नाही. वरची आणि खालची कड मात्र जवळपास प्रत्येक घरात उघडी राहते. वर कोणी बघत नाही, खाली कोणी वाकत नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि पोछ्याचं पाणी तिथूनच प्यायलं जातं. पल्ला चौकटीत चढवण्याआधी या दोन्ही कडांना सीलर, पॉलिश किंवा ऑइल प्रायमर यांपैकी काहीही दोन हात मारा. पाच दारांचं हे काम एका दुपारी होतं. झालंय का हे नंतर बघायचं तर मोबाइलचा कॅमेरा पल्ल्याच्या वर धरून फोटो काढा, आणि दाराखालून छोटा आरसा सरकवा.

बिजागऱ्या, लॉक आणि बिल

सात फुटी भरीव दाराला तीन बिजागऱ्या, आठ फुटीला चार. चार इंची, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, जाड पत्र्याच्या. हातात घेऊन पिन हलवा, खडखडली तर परत ठेवा. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा समुद्राकाठच्या घरांत ३०४ वरही तांबूस डाग येतात. तिथे पितळ किंवा ३१६ घ्यावं. साध्या लोखंडाची तर खारी हवा वाटच बघत असते.

काम चालू असताना एकदा अचानक जाऊन बघा की स्क्रू पिळले जातायत की ठोकले जातायत. घाईत असलेला कारागीर स्क्रू हातोडीने तीन चतुर्थांश आत मारतो आणि शेवटचे दोन आटे स्क्रूड्रायव्हरने फिरवतो. दिसायला सारखंच दिसतं. पण ठोकलेल्या स्क्रूने लाकडाचे तंतू फाडलेले असतात आणि वर्षभरात दार खाली बसतं, लादीवर पांढरी कमान उमटते. आधी बारीक भोक पाडून मग पिळलेला स्क्रू वर्षानुवर्षं हलत नाही.

बेडरूमला मॉर्टाइज लॉक (पल्ल्याच्या कडेत खोदून बसवायचं) घेताना दाराची तयार जाडी दुकानात सांगा, सिलिंडरची लांबी त्यावर ठरते. जमिनीपासून एक मीटरच्या आसपास हँडल सोयीचं पडतं. आतून वेगळी टॉवर बोल्टची गरज मला कधी पटलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात जून-जुलैच्या वाऱ्याने दारं आपटतात, म्हणून प्रत्येक दाराला चुंबकाचा स्टॉपर हवाच. तो लादीत बसवताना खालून पाण्याची लाइन जात नाही ना, हे प्लंबरच्या नकाशावर किंवा मोबाइलमधल्या जुन्या फोटोंत बघून घ्या.

कोटेशन मागताना चौरस फुटाच्या भावावर भुलू नका. सात बाय तीनचं दार २१ चौरस फूट. त्या भावात जीएसटी धरलाय का, वाहतूक आणि मजल्यावर चढवणं कोणाकडे, कडेच्या पट्ट्या, लॅमिनेट चिकटवण्याची मजुरी, लॉक खोदणं, बिजागऱ्या, स्टॉपर हे आत की बाहेर, ते लिहून घ्या. बहुतेक वेळा स्वस्त वाटणारा आकडा नुसत्या कोऱ्या पल्ल्याचा असतो. बजेट आखडलं तर लॅमिनेट साधा घ्या, हँडल साधं घ्या. पल्ल्याचा भराव आणि बिजागऱ्या यांना हात लावू नका.

बिल्डरची दारं आणि पहिला पावसाळा

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेली दारं ताबा मिळताच काढून फेकायची घाई करू नये. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष कळवला तर तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणं विकासकाची जबाबदारी आहे. फुगलेलं बाथरूमचं दार, वाकलेला पल्ला यांचे तारखेसह फोटो काढा आणि ईमेलने कळवा. साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही. मात्र तुम्ही आधीच दार रंधून, लॉक बदलून ठेवलं असेल तर "तुम्हीच छेडछाड केलीत" हे उत्तर तयार असतं.

पहिल्या पावसाळ्यात एखादं दार चौकटीला घासायला लागेल. लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. ऑगस्टमध्ये बरोबर बसवलेलं दार मार्चमध्ये सैल होतं, फट दिसते आणि लॅच नीट धरत नाही. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करून बघा, कारण निम्म्या वेळा दार फुगलेलं नसून वरच्या बिजागरीतून खाली आलेलं असतं. वरच्या फटीकडे बघा: हँडलच्या बाजूला ती रुंद होत गेली असेल तर दार लोंबलंय, आणि वरची फट सारखी असून उभी कडच घासत असेल तर फुगलंय. फुगलं असेल तर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळून दिवाळीपर्यंत काढा. हवा कोरडी पडल्यावरही घासत असेल तरच रंधा मारा, तोही एक-दीड मिमीपुरता, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी सीलरने बंद करून घ्या.